क्लाविस, म्हणजे रोमनांची किल्ली

जुन्या रोममध्ये नवरा बायकोला सोडायचा तेव्हा तिच्याकडच्या घराच्या किल्ल्या काढून घ्यायचा. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये सेनानी अँटनीविरुद्ध जे भाषण लिहिलं त्यात हाच टोमणा आहे, की याने आपल्या प्रेयसी नटीला बारा पाट्यांच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे रोमच्या जुन्या लेखी कायद्याप्रमाणे, किल्ल्या काढून घेऊन घालवून दिलं. तिथे सिसेरोने किल्लीच्या लॅटिन शब्दाचं अनेकवचन वापरलंय. एकवचन क्लाविस, स्त्रीलिंगी.

आता थोडं व्याकरण, घाबरू नका, विभक्ती आपल्याला नवीन नाही. आपण किल्लीला, किल्लीने करतो तसा लॅटिनमध्ये शब्दाचा शेवट बदलतो. किल्ली हरवली तर क्लाविस, कोणी किल्ली घेतली तर ती कर्म म्हणून क्लावेम, किल्लीचं म्हणायचं तर परत क्लाविसच, आणि किल्ल्यांचं म्हणजे क्लावियुम. यातलं पुढे टिकलं ते कर्माचं रूप, क्लावेम. बोलता बोलता शेवटचा म् गळून गेला आणि प्रत्येक प्रदेशाने सुरुवातीचा क्ल आपापल्या पद्धतीने वळवला, फ्रेंचांनी तो ठेवला, क्ले, इटालियनमध्ये किआवे, स्पॅनिशमध्ये यावे, पोर्तुगीजमध्ये शाव. हे योगायोगाने झालेलं नाही. हाक मारणं म्हणजे क्लामारे, त्याचंही किआमारे, यामार, शामार असंच झालं! मला भाषांमधली ही शिस्त फार आवडते.

छोटी किल्ली म्हणजे क्लाविकुला, त्यावरून गळ्याखालचं हाड क्लॅव्हिकल. किल्लीने बंद होणारी खोली ती कॉन्क्लावे, मे 2025 मध्ये नवे पोप निवडले गेले ते कॉन्क्लेव्ह, म्हणजे कार्डिनलांची बंद दाराआडची सभा, त्यातलंच.

आणि पोर्तुगीज शाव? पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला तेव्हा ते शाव म्हणतच नव्हते, त्यांचा उच्चार चावि असा होता, च चा श लिस्बनकडे नंतर झाला. म्हणजे आपण मराठीत जी चावी म्हणतो ना, तिच्यात तो 16व्या शतकातला च जसाच्या तसा आहे. ती अजून स्त्रीलिंगीच आहे, अर्थात आपल्याकडे ईकारान्त म्हणून तशीही झाली असती. खुद्द पोर्तुगालमध्ये हा च आता उत्तरेकडच्या काही बोलींमध्येच ऐकू येतो.