निळूभाऊ: आवाज न चढवता दरारा बसवणारा नट

पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत एक तरुण माळीकाम करायचा. नीळकंठ कृष्णाजी फुले, म्हणजे आपले निळू फुले. नोकरी झाडांची, जीव मात्र राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. अभिनय शिकला तो तिथेच, वगात. पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य गाजलं, आणि १९६८ ला अनंत मानेंच्या 'एक गाव बारा भानगडी'तून सिनेमात एन्ट्री झाली.

मग पाटील, सरपंच, चेअरमन, सगळे एकाहून एक बेरकी. पण जरा नीट बघा, हा माणूस ओरडत नाही. शब्द असा सावकाश सोडतो, डोळे बारीक करतो आणि समोरचा गार. गावाकडच्या बायका त्यांना खरोखर शिव्या घालायच्या म्हणे, आता नटाला याहून मोठी दाद काय पाहिजे!

१९७५ चा 'सामना' तर बघाच. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि समोर मास्तरच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव धोंडे पाटील एका दारुड्या मास्तरला वाड्यावर ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो आणि तोच मास्तर विचारत सुटतो, मारुती कांबळेचं काय झालं? साध्या प्रश्नानं एवढा मोठा साखरसम्राट आतून कसा पोखरत जातो ते निळूभाऊंच्या चेहऱ्यावर दिसतं, डायलॉगची गरजच पडत नाही. सहकारातली सत्ता तेव्हा जोरात होती, त्यामुळे हिंदुराव म्हणजे कोण हे पब्लिकला वेगळं सांगावं लागलं नाही.

तरी माझं मत विचाराल तर बेस्ट काम 'सिंहासन'मधलं, १९७९. तिथे ते खलनायक नाहीतच, पत्रकार दिगू टिपणीस आहेत, सगळ्यांचं राजकारण उघड्या डोळ्यांनी बघत शेवटी डोकं फिरलेला माणूस. हिंदीत 'कुली', 'सारांश' वगैरे केले, पण त्यांची खरी मजा मराठीतच.

१३ जुलै २००९ ला पुण्यात गेले. पडद्यावर गाव लुटणारा हा माणूस एरवी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात असायचा, आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत फिरला, कशासाठी, तर चळवळीतल्या कार्यकर्त्यांना महिन्याला थोडं तरी मानधन मिळावं म्हणून.