मच्छिंद्रनाथ पाटणला काय करतायत?

[पहाट. पायऱ्या, माकडं]

तीनशे पासष्ट पायऱ्या. आम्ही मोजल्या नाहीत, शंभराच्या पुढे दम लागला आणि आकडा विसरलो, पण इथे जो तो ३६५च सांगतो. काठमांडूच्या पश्चिमेची ही स्वयंभूची टेकडी. वर पोचलं की समोर हे भलंमोठं वज्र, सतराव्या शतकात राजा प्रताप मल्लने बसवलेलं, आणि त्याच्या मागे स्तूपावरचे डोळे, चारही बाजूंना. नाकाच्या जागी जे वळण दिसतंय ना, तो १ आहे. आपल्याच देवनागरीतला एक.

आता स्तूपाला वळसा घालून इकडे या, रांग दिसतेय ती हारतीची. आधी पोरं पळवून खाणारी यक्षिणी, मग बुद्धाने तिचंच धाकटं पोर लपवलं, तेव्हा कुठे तिला कळलं की आईचा जीव कसा तुटतो, आणि तेव्हापासून ती पोरांची राखण करते. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेणीत गेला असाल तर हिला भेटून आलायत, तिथे ती हारीती. इथे हिंदू बायका तिला शीतळा म्हणून हात जोडतात आणि बौद्ध बायका हारती म्हणून, रांग एकच. या आजींच्या ताटात बघा, फुलं, अक्षता, अबीर आणि सोललेलं उकडलेलं अंडं. हो, अंडं. आमच्या कॅमेरामनने दोनदा झूम केलं.

[पशुपतीनाथ, पश्चिम दरवाजा]

पशुपतीनाथला कॅमेरा दारापर्यंतच, आत बंदी. म्हणून तुमच्या वाट्याला हे सोनेरी दोन मजली छप्पर आणि दारातून दिसणारी नंदीची पाठ. मुख्य पुजारी भट्ट, ते पिढ्यान् पिढ्या दक्षिण भारतातून येतात. मागे बागमतीच्या घाटावर चिता जळत होत्या, ते शूट केलं नाही.

बौद्धनाथला मात्र नशीब जोरावर होतं. स्तूपाच्या पांढऱ्या घुमटावर त्या पिवळ्या पाकळ्या दिसतात ना, त्या ब्रशने काढत नाहीत. हा माणूस बघा, बादलीत केशरी पाणी, पाय रोवून उभा, आणि हा झटका! एका फटक्यात अख्खी कमान. पुन्हा. पुन्हा. २०१५ च्या भूकंपात याच स्तूपाचा कळस खिळखिळा झाला होता, २०१६ च्या नोव्हेंबरात दुरुस्त होऊन उघडला.

[वसंतपूर, कुमारी घर]

हे १७५७ चं कुमारी घर. कुमारी म्हणजे जिवंत देवी मानलेली लहान मुलगी, काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या शाक्य घरातली, म्हणजे जन्माने बौद्ध, आणि तिच्यात वास कुणाचा मानतात तर तलेजु भवानीचा. तलेजु भवानी! हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्यातल्या सोलापूरच्या माणसाने नकळत हात जोडले, त्याच्या कानाला ते तुळजाभवानीच. नेपाळचा राजा दरवर्षी या मुलीपुढे वाकून टिळा लावून घ्यायचा, राजेशाही गेली, आता राष्ट्रपती येतात. तिचा फोटो काढायचा नाही असा नियम आहे, तर ही रिकामी खिडकी बघा. कोरीव काम तरी बघा.

[नदी ओलांडून]

आणि आता ज्यासाठी आलो ते. पाटण. कोयनेकडचं नव्हे, बागमतीपलीकडचं, कागदावर ललितपूर. गोष्ट अशी सांगतात की गोरखनाथ इथे आले, कुणी विचारलं नाही, तर रागावून नागांना आसनाखाली दाबून ध्यानाला बसले, बारा वर्षं पाऊस नाही. मग राजा नरेंद्रदेव, आचार्य बंधुदत्त आणि ललित नावाचा शेतकरी असे तिघं थेट कामरूपला गेले आणि गोरखनाथांच्या गुरूंना, मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरू आले म्हटल्यावर शिष्याला उठावंच लागलं, नाग सुटले, पाऊस पडला. ज्यांच्या समाधीला आपण बीड जिल्ह्यात मायंब्याला जातो तेच हे मच्छिंद्रनाथ. फरक इतकाच की इथे त्यांचा चेहरा लालभडक आहे, पूजा शाक्य आणि वज्राचार्य म्हणजे बौद्ध पुजारी करतात, आणि बौद्धांसाठी ते करुणामय, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. वर्षातले काही महिने मुक्काम पाटणला, काही महिने जवळच्या बुंगमती गावात.

पाटणमधल्या पुलचोकला रस्त्याच्या कडेला दरवर्षीच्या जत्रेसाठी त्यांचा रथ बांधणं चालू होतं आणि आम्ही तिथे तीन दिवस अक्षरशः चहा पीत बसलो. साठेक फूट उंच रथ. खिळा नाही. सुतारकाम ‘बाराही’ आडनावाच्या घराण्यांकडे, वेत बांधणारी मंडळी वेगळी, एकाच्या कामात दुसरा हात घालत नाही. वरचा माणूस हाक मारतो, खालून वेताची लांब दोरी वर जाते, तो ती खांबाला दोन वेढे घालून पायाने दाबतो, दाताने टोक ओढतो आणि गाठ बसली की वरून हाताने थापटतो, म्हशीच्या पाठीवर थापटावं तसं. वेत लवतो म्हणून एवढा उंच डोलारा गल्लीतून झुलत जाऊ शकतो. कधी आडवाही होतो, तो अपशकून. २०१५ ला बुंगमतीहून निघालेला रथ भूकंपात वाटेतच अडकला, बुंगमतीचं मंदिर पडलं.

हा सगळा पसारा गुठी सांभाळतात, म्हणजे घराण्यांच्या जुन्या संस्था, जमीन त्यांची आणि कामंही त्यांची. २०१९ ला सरकारने गुठीचा नवा कायदा आणायला घेतला तर लोक रस्त्यावर उतरले, विधेयक मागे घ्यावं लागलं.

रथ ओढतानाचा शॉट आमच्याकडे नाही, परतीचं तिकीट आधीचं होतं. त्यामुळे ही चाकंच बघा. प्रत्येक चाकावर रंगवलेले डोळे, भैरवाचे म्हणतात. शेवटच्या संध्याकाळी एक पोरगा चाकावर बसून कुरकुरे खात होता, कॅमेरा बघून हसला आणि वर बोट दाखवलं. वर अजून अर्धाच वेत बांधून झाला होता.