मार बसल्यावर मेंदूचं दार

पोस्टरवर विषय वाचलाच असेल तुम्ही: ‘मेंदूत शिरणारे सूक्ष्म रोबो’. मी ‘नॅनोकण’ असं लिहून पाठवलं होतं, छापताना त्याचे रोबो झाले. रोबो बघायला आलेल्यांनी आत्ता उठलं तरी मी राग मानणार नाही. (हशा) कुणी उठत नाही? बरं. तर हा कण म्हणजे चरबीचा किंवा शरीरात विरघळणाऱ्या प्लास्टिकचा गोळा, पोटात औषध भरलेला. केसाच्या जाडीत असे पाचशे ते हजार सहज मावतील.

माझं खरं दुखणं ‘रक्त-मेंदू अडथळा’ या शब्दाचं आहे, म्हणजे रक्तातल्या बऱ्याच गोष्टी मेंदूत शिरू न देणारी व्यवस्था. ऐकला की डोळ्यांपुढे भिंतच उभी राहते. 1885 मध्ये पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा. एर्लिखचा निष्कर्ष असा, की मेंदूला हा रंग धरताच येत नाही. एवढा मोठा माणूस, पुढे 1908 चं नोबेल मिळालेला, पण इथे चुकला. चूक काढली त्याच्याच शिष्यानं. (माझे काही विद्यार्थी समोर बसलेत, त्यांनी फार खूश होऊ नये.) एडविन गोल्डमननं 1913 मध्ये प्रयोग उलटा केला. रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. मेंदू निळा झाला, बाकी शरीर कोरडं! म्हणजे मेंदूला रंगाचं वावडं नव्हतंच, मधे कुणीतरी आडवं येत होतं. ते ‘कुणीतरी’ म्हणजे केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशी. त्या ग्लुकोजला बोलावून आत घेतात. भिंत कधी कुणाला बोलावते का? हे दार आहे, आणि दारावर दारवान आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. म्हणजे ठरलेलं व्याख्यान आता सुरू होतंय.

डोक्याला मार बसला की नुकसान दोनदा होतं. पहिलं त्याच क्षणी, त्याला औषध नाही. दुसरं पुढच्या तासांत, दिवसांत: सूज, दाह, पेशींत घुसणारं कॅल्शियम. औषध हवं ते इथे. शिरेतून स्टेरॉइड देऊन पाहिलं. दहा हजार रुग्णांच्या चाचणीत मृत्यू उलट वाढले. मग कणांकडे लोक का वळले? कारण माराने दार स्वतःच खिळखिळं होतं, आणि उंदरांत हे कण जखमेपाशी आपोआप झिरपून साचतात. पण ती फट पुन्हा बुजते. म्हणून कोणता कण, याआधी माझा प्रश्न असतो: मार बसून किती वेळ झाला?

उशीर झाला असेल तर दारवानाला फसवायचं. कणावर पॉलिसॉर्बेट 80 या साबणासारख्या पदार्थाचा लेप दिला की रक्तातलं एक प्रथिन त्याला चिकटतं, आणि दारवान त्याला नेहमीचा चरबीवाला समजून आत सोडतो. 2021 मध्ये उंदरांत असे कण देऊन टाऊ या, माराच्या दुसऱ्या नुकसानीशी जोडल्या जाणाऱ्या प्रथिनाची निर्मिती निम्म्यापर्यंत उतरवली, दार उघडं असताना आणि मिटल्यावरही.

यकृताचं राहिलंच. टोचलेले बहुतेक कण तिथेच अडकतात, आणि उंदराचा मेंदू गुळगुळीत, आपला वळ्यावळ्यांचा, त्यामुळे... हो हो, उतरतो.