ठोशांचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो.

मुष्टियुद्धातल्या इतर सगळ्या वजनगटांना वरची मर्यादा असते. लढतीच्या आदल्या दिवशी बॉक्सर काट्यावर उभा राहतो आणि काटा त्या आकड्याच्या पुढे सरकला की लढत धोक्यात येते. हेवीवेटचं उलटं आहे. इथं मर्यादा खालची, २०० पौंडांची, म्हणजे साधारण ९०.७ किलोंची. त्याच्या वर कितीही वजन चालतं. त्यामुळे हेवीवेट बॉक्सरला पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरवावं लागत नाही. पण समोरचा आपल्यापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी जड असू शकतो आणि त्याबद्दल तक्रार करायची सोय नाही. मे २०२४ मध्ये रियाधला ऑलेक्झांडर उसिकनं टायसन फ्युरीला गुणांवर हरवलं आणि चारही प्रमुख संघटनांचे पट्टे एकत्र केले. उसिक खालच्या क्रूझरवेट गटातून वर आलेला, तर फ्युरी त्याच्यापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर उंच आणि वजनानंही कितीतरी भारी.

एवढ्या आकाराच्या माणसाचा हूक, म्हणजे कोपर वाकवून मारलेला ठोसा, बाजूनं हनुवटीवर बसला की डोकं मानेवर झटक्यात फिरतं. कवटी फिरते, आतला मेंदू क्षणभर मागे राहतो आणि मग ओढला जातो. म्हणूनच नाकावर सरळ बसलेल्या ठोशापेक्षा हनुवटी फिरवणारा ठोसा माणसाला लवकर आडवा करतो. मेंदूवरून जाणाऱ्या बारीक शिरा या ओढाताणीत तुटल्या तर कवटीखाली रक्त साचतं. रिंगमधल्या मृत्यूंचं सगळ्यांत मोठं कारण हे साचलेलं रक्तच आहे. सरावात घालतात ते हेडगार्ड भुवई फुटू देत नाही, पण डोक्याचं फिरणं थांबवू शकत नाही. खरं संरक्षण तीन गोष्टींत आहे: जाड, कमावलेली मान, छातीकडे झुकवलेली हनुवटी आणि येणारा ठोसा दिसणं. ठोसा दिसला की मान आपोआप ताठ होते. न दिसलेल्या ठोशानं माणसं पडतात ती यामुळे.

तर हेवीवेटच्या कारकिर्दीचा पहिला प्रश्न असतो तो कुणाकडून, कधी आणि किती ठोसे खायचे हा. मारलेल्यांची नोंद जगभर होते. खाल्लेल्यांची वही फार थोडे लोक ठेवतात.

सुरुवात चार राउंडच्या लढतींनी होते. राउंड तीन मिनिटांचा, मध्ये एक मिनिट विश्रांती. मग सहा, आठ, दहा आणि जागतिक किताबासाठी बारा. पूर्वी किताबाच्या लढती पंधरा राउंडच्या असत. १९८२ मध्ये हलक्या वजनगटातला कोरियन बॉक्सर दुक कू किम चौदाव्या राउंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांत गेला, त्यानंतर संघटना एकेक करून बारावर आल्या.

पहिल्या दोन-तीन वर्षांतले प्रतिस्पर्धी निवडणं हे मॅचमेकरचं काम, आणि कारकीर्द घडते किंवा बिघडते ती बहुतेक इथंच. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याकडून एक धडा मिळायला हवा. एखादा आपल्यापेक्षा उंच, एखादा डावखुरा, एखादा सतत मिठी मारून लोंबकळणारा. आणि एखादा असा, की ज्याच्या नावावर दहा-बारा पराभव असतील, पण जो सहजासहजी पडत नाही. हा शेवटचा सगळ्यांत महागडा शिक्षक. वीसच्या वीस लढती दुसऱ्या-तिसऱ्या राउंडात संपवलेल्या तरुणाचा आलेख देखणा दिसतो, पण सातव्या राउंडात हात शिशासारखे जड होतात तेव्हा काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

व्लादिमीर क्लिच्कोचं असंच झालं. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, व्यावसायिक झाल्यावर सलग २४ विजय. डिसेंबर १९९८ मध्ये कीव्हला त्याच्यासमोर रॉस प्युरिटी आला, १३ पराभव नावावर असलेला. क्लिच्कोनं पहिल्यापासून जीव तोडून ठोसे मारले, प्युरिटी ते खात उभा राहिला, आणि अकराव्या राउंडमध्ये दमून गेलेल्या क्लिच्कोची लढत थांबवावी लागली. त्याला दमवलं ते त्याच्याच ठोशांनी. जड माणसाच्या मोठ्या स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो, आणि हुकलेला ठोसा बसलेल्यापेक्षा अधिक दमवतो, कारण सगळा वेग स्वतःलाच आवरावा लागतो.

पुढे २००३ मध्ये कॉरी सँडर्सनं आणि २००४ मध्ये लेमन ब्रूस्टरनं त्याला पाडलं, तेव्हा कारकीर्द संपली असं बोललं गेलं. इमॅन्युएल स्टुअर्ड या प्रशिक्षकानं ताकद वाढवायच्या मागे न लागता तिचा खर्च कमी केला. डावा हात लांब पुढे, समोरच्याच्या ग्लोव्हवर जवळजवळ टेकवलेला: त्यानं अंतर मोजायचं, दृष्टी झाकायची, मधूनच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा, मारायचा. उजवा ठोसा फक्त त्या डाव्याच्या मागून. प्रतिस्पर्धी आत शिरलाच तर हूकच्या देवाणघेवाणीत पडायचं नाही, मिठी मारायची आणि आपलं शंभर-दीडशे किलोंसारखं वाटणारं वजन त्याच्या मानेवर टाकायचं. म्हणजे दमेल तोच. क्लिच्को २००६ ते २०१५ विजेता राहिला. ही पद्धत रटाळ आहे असं पुष्कळांनी म्हटलं. माझ्या मते हेवीवेटच्या इतिहासातली ती सगळ्यांत प्रामाणिक दुरुस्ती आहे. आपलं मर्म कुठं आहे हे ओळखून तो माणूस नऊ वर्षं त्याच्यावर पहारा देत उभा राहिला.

आता तयारीच्या शिबिराकडे येऊ. मोठ्या लढतीआधी आठ ते दहा आठवडे. शंभर-सव्वाशे किलोंच्या माणसाला डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर पळवलं तर आधी गुडघे आणि नडग्या बोलू लागतात. म्हणून चढावर छोट्या धावा, सायकल, पोहणं आणि तीन मिनिटं जोर, एक मिनिट विश्रांती असा राउंडच्याच लयीचा व्यायाम. सराव-लढत, म्हणजे स्पारिंग, आठवड्यातून दोन-तीन दिवस, १६ किंवा १८ औंसांचे ग्लोव्हज घालून. सुरुवातीला चार राउंड, मग वाढवत दहा-बारापर्यंत, आणि लढतीच्या आठवडा-दहा दिवस आधी बंद. जोडीदार प्रतिस्पर्ध्यासारखे निवडतात, आणि थकलेल्याच्या जागी ताजा आणत राहतात.

श्रोतेहो, इथं जरा थांबून सांगावंसं वाटतं. कारकिर्दीतले बहुतेक ठोसे प्रेक्षकांसमोर बसत नाहीत, ते बंद जिममध्ये बसतात. लढत वर्षाकाठी दोन-तीन वेळा, सराव-लढती शेकड्यांनी. स्पारिंगमध्ये गुडघे लचकले, नजर विस्कटली, उत्तर द्यायला उशीर झाला, की त्या दिवशीचंच काम थांबवून भागत नाही, पुढचे कित्येक दिवस डोक्याला हात लागू द्यायचा नसतो. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा हलका असूनही जास्त घातक ठरू शकतो. नॉकआउटनंतर लढतींवर देखरेख करणारा आयोग बॉक्सरवर काही आठवड्यांची किंवा महिन्यांची सक्तीची बंदी घालतो. जिममधल्या नॉकआउटची मात्र कुठंही नोंद होत नाही, तिथं प्रशिक्षकाचा शब्दच आयोग. चांगला प्रशिक्षक वहीत राउंड लिहितो तसे खाल्लेले जड ठोसेही लिहितो.

शिबिर फसलं की काय होतं याची उदाहरणं हेवीवेटमध्ये चटकन दिसतात, कारण वरची मर्यादा नसल्यामुळे काटा कुणाला अडवत नाही. बस्टर डग्लसनं फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत माइक टायसनला दहाव्या राउंडात पाडलं तेव्हा त्याचं वजन साधारण २३१ पौंड होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो २४६ पौंडांनी रिंगमध्ये आला आणि इव्हँडर होलीफिल्डनं त्याला तिसऱ्या राउंडात संपवलं. अँडी रुईझनं जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला अँथनी जोशुआला थक्क केलं, २६८ पौंडांवर. सहा महिन्यांनी परतीच्या लढतीला तो २८३ पौंडांच्या वर होता. जोशुआ दहाएक पौंड उतरवून आला होता आणि बारा राउंड त्यानं रुईझला जवळ येऊच दिलं नाही. लेनॉक्स लुईसची चूक वेगळी. एप्रिल २००१ मध्ये हसीम रहमानशी लढत दक्षिण आफ्रिकेत ब्रॅकपनला होती, समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर. एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेची सवय व्हायला दोन-तीन आठवडे तरी हवेत. रहमान लवकर पोचला, लुईस उशिरा. पाचव्या राउंडात लुईस आडवा झाला. नोव्हेंबरमध्ये त्यानं नीट तयारी करून रहमानला चौथ्या राउंडात पाडलं.

लढतीच्या रात्री सगळ्यांत आधी हात बांधले जातात. हेवीवेटला १० औंसांचे ग्लोव्हज, म्हणजे साधारण २८३ ग्रॅम, आणि त्यांच्या आत मऊ गॉझ व चिकटपट्टी. बोटं पसरून ठेवायची, मनगटाला फेरे द्यायचे, अंगठ्याच्या बुडातून पट्टी फिरवायची, मुठीच्या गाठींवर गॉझची घडी बसवायची, बोटांच्या बेचक्यांतून बारीक पट्ट्या ओढून ती पक्की करायची. मार बसतो त्या गाठींवर चिकटपट्टी चालत नाही, कारण थर चढवले की ती कडक होते. आयोगाचा माणूस समोर बसून पाहतो आणि बांधलेल्या हातावर सही करतो. प्रतिस्पर्ध्याचा माणूसही तिथं हजर राहू शकतो. फेरे घट्ट पडले तर मूठ वळल्यावर रक्त अडतं आणि तिसऱ्या राउंडापर्यंत हात बधिर. सैल पडले तर गाठी सरकतात आणि तळहाताचं हाड मोडतं. म्हणून दर दोन-चार फेऱ्यांनी मूठ वळवून पाहायची.

मग दोन राउंडांमधली, कॉर्नरमधली, म्हणजे रिंगच्या आपल्या कोपऱ्यातली, ती साठ सेकंदं. बॉक्सर स्टुलावर बसेपर्यंत पाच-सात जातात, शेवटची दहा शिट्टीनंतर उठण्यात. उरलेल्या चाळीसएक सेकंदांत बोलणारा एकच असावा आणि त्यानं फार तर दोन गोष्टी सांगाव्यात. तिघं एकदम ओरडू लागले की बॉक्सरच्या कानात काहीच शिरत नाही. कटमन, म्हणजे जखमा सांभाळणारा माणूस, आधी रक्त पुसतो, मग रक्त थांबवणाऱ्या १:१००० ॲड्रिनलिनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा थेट जखमेच्या आत दाबून धरतो, निदान तीस सेकंद, मध्ये उचलून न बघता. उचललं की दाब जातो आणि रक्त पुन्हा सुटतं. वरून व्हॅसलिन. डोळ्याखालची सूज उतरवायला बर्फातली थंड धातूची पट्टी नुसती दाबायची, चोळायची नाही. चोळल्यानं सूज पसरते आणि डोळा लवकर मिटतो. काही जखमांपुढे कुणाचाच इलाज चालत नाही. जून २००३ मध्ये लॉस एंजेलिसला विताली क्लिच्को सहा राउंडनंतर लुईसविरुद्ध तिन्ही पंचांच्या कागदावर ५८-५६ असा पुढे होता. पापणीच्या वर एवढं फाटलं होतं, की डॉक्टरांनी लढत थांबवली आणि विजय लुईसला गेला.

पैशाचं थोडक्यात सांगतो. जाहीर होणारी रक्कम बॉक्सरच्या हाती येत नाही. व्यवस्थापकाचा वाटा एक तृतीयांशापर्यंत जाऊ शकतो, प्रशिक्षकाचा साधारण दहा टक्के, किताबाच्या लढतीत संघटनेची फी तीन टक्क्यांच्या आसपास, मग स्पारिंगच्या जोडीदारांचा आठवड्याचा पगार, शिबिराचा खर्च आणि शेवटी कर. जो लुईनं १९३७ ते १९४९ किताब सांभाळला, २५ वेळा राखला. आणि कराच्या थकबाकीपायी निवृत्तीतून परतून ऑक्टोबर १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोकडून आठव्या राउंडात मार खाल्ला. रिकाम्या खिशानं खेळाडू पुन्हा रिंगमध्ये येतो तेव्हा ठोशांची वही नव्यानं उघडते, आणि तोवर पाय गेलेले असतात.

जाण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पाय, मग नजरेपासून हातापर्यंतची चपळाई, शेवटी ठोशाची ताकद. जॉर्ज फोरमननं नोव्हेंबर १९९४ मध्ये ४५व्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या राउंडात पाडून किताब मिळवला तो या उरलेल्या ताकदीवर. त्याचं उदाहरण देऊन चाळिशीतले बॉक्सर परत येतात, पण त्यातली एक गोष्ट विसरतात. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं फोरमननं एकही ठोसा खाल्ला नव्हता.

मुहम्मद अलीला असा खंड सक्तीनं पडला होता, पण तरुणपणी, १९६७ ते १९७०. नंतर १९७४ला किन्शासात फोरमन, १९७५ला मनिलात जो फ्रेझर. मनिलात चौदाव्या राउंडनंतर फ्रेझरचे डोळे मिटत आले होते. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला पंधराव्यासाठी उठू दिलं नाही. एक राउंड उरला होता, फ्रेझर विरोध करत होता, तरीही. अलीच्या बाजूलाही असा एक माणूस होता, डॉक्टर फर्डी पाशेको. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी पंधरा राउंड झाल्यावर त्यांनी लिहून कळवलं, की आता थांबलं पाहिजे. कुणी ऐकलं नाही तेव्हा ते बाजूला झाले.

त्यानंतर अली आणखी चार वेळा लढला. लिऑन स्पिंक्सशी १९७८ मध्ये दोनदा, पंधरा-पंधरा राउंड. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सशी दहा, मग त्याच्या कॉर्नरमधल्या माणसांनीच लढत थांबवली. डिसेंबर १९८१ मध्ये नसाऊत ट्रेव्हर बर्बिकशी दहा. एकूण पन्नास राउंड. १९८४ मध्ये डॉक्टरांनी पार्किन्सनच्या लक्षणांचं निदान केलं तेव्हा अली ४२ वर्षांचा होता.