बैलाचे डोळे, गाडीचे दिवे

नमस्कार श्रोतेहो.

तान्हा पोळा जवळ आला की आपल्या नागपुरात रस्त्याच्या कडेला लाकडी बैलांच्या रांगा लागतात. पोरगं बैल हातात घेतं तेव्हा आधी काय बघतं? चाकं नाही, शिंगंही नाही. डोळे बघतं. डोळे तिरपे उमटले असतील तर बैल कितीही गुळगुळीत असो, पोरगं तो परत ठेवून देतं. लाकूड तेच, सुतार तोच, पण बैल जिवंत होतो तो रंगवणाऱ्याच्या ब्रशाने. बोजारा, म्हणजे बैल मिरवल्याबद्दलची भेट, मात्र पोराला मिळतो आणि रंगवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

आज बोलायचं आहे ते अशाच न विचारलेल्या माणसांबद्दल. हॉट व्हील्स, मॅचबॉक्स, टोमिका, माजोरेट या खिशात मावणाऱ्या धातूच्या गाड्या तुम्हाला माहीत आहेत. घरात लहान मूल असेल तर सोफ्याखाली दोन-चार सापडतीलच. या गाड्या आखणारे आणि त्यांच्यावर रंगरेषा काढणारे चित्रकार, हा आजचा विषय.

पहिली गोष्ट नीट ऐका. खेळण्यातली गाडी ही खऱ्या गाडीची लहान केलेली प्रत नसते. हिशेब करून बघा. प्रमाण धरलं एकास चौसष्ट. खऱ्या गाडीच्या दाराची फट साधारण 4 मिलिमीटर. तिला 64 ने भागलं की उरते 0.06 मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी. तेवढी रेघ साच्यात धरत नाही आणि धरली तरी वरच्या रंगाने बुजून जाते. मग डिझायनर ती फट मुद्दाम जाड करतो. चाकं मोठी करतो, छत दाबतो, बाजूचे आरसे काढून टाकतो, कारण 3 मिलिमीटरचा आरसा पहिल्याच पडण्यात तुटतो. त्यातून पाकीट एकाच मापाचं, त्यामुळे ट्रक आणि चिमुकली मोटार जवळपास सारख्याच लांबीची निघते. पुन्हा सांगतो, ही लहान केलेली प्रत नसते. कुठे खोटं बोलायचं ते ठरवणं, हेच डिझायनरचं काम.

साध्या गाडीचे मुख्य भाग चारच: वरची बॉडी, खालचा तळ, आतल्या सीटा आणि काचांचा एकसंध पारदर्शक तुकडा. शिवाय चाकं आणि आस. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. त्यात अ‍ॅल्युमिनियम साधारण 4 टक्के, म्हणून तो 385 अंशांच्या आसपासच वितळतो आणि पोलादी साच्यात दाबाने भरता येतो. भिंतींना एखाद-दोन अंशांचा उतार ठेवावाच लागतो, नाहीतर ओतलेला तुकडा साच्यातून सुटत नाही. आपल्याकडे बाया मोदकाच्या साच्याला तूप लावतात, त्याच कारणाने. (साचे झिजतात, हेही जाता जाता सांगतो. डिंकी गाड्यांचे जुने साचे विलायतेतून कलकत्त्याला आले आणि त्यांतून निकी टॉइज नावाने गाड्या निघाल्या. त्यांच्या कडा बोथट दिसतात त्या म्हणूनच. तरीही संग्राहक त्या जीव टाकून शोधतात, आणि मला विचाराल तर बरोबर करतात.)

आता ज्या किश्शासाठी हा विषय घेतला, तो सांगतो.

1968 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅटेल कंपनीने हॉट व्हील्स बाजारात आणल्या. पहिल्या गाड्या सोळा. त्यांतल्या बहुतेक हॅरी बेंटली ब्रॅडली या डिझायनरने आखल्या. तो जनरल मोटर्समधून आला होता. या गाड्या पळायच्या, आणि त्यामागचं कारण चाकात होतं: आस म्हणून बारीक लवचिक तार आणि घर्षण अगदी कमी. म्हणून त्यांना रुळासारखा ट्रॅक दिला, तोही संत्र्याच्या रंगाचा. नागपूरकरांनी याची वेगळी नोंद घ्यावी!

ब्रॅडलीला वाटलं, हे खेळणं काही चालायचं नाही. तो सोडून गेला. मग आला आयरा गिल्फर्ड. तोही फार थांबला नाही. मग हॉवर्ड रीस. रीसला गाड्या काढून काढून कंटाळा आला होता, त्याला अंतराळवीरांच्या बाहुल्यांवर काम करायचं होतं. त्याने घरी पार्टी ठेवली. तिथे फोर्ड कंपनीतला त्याचा जुना सहकारी लॅरी वूड आला, त्याने या गाड्या पाहिल्या, आणि आठवडा संपायच्या आत तो मॅटेलमध्ये कामाला लागला. साल 1969. पुढे चार दशकांहून जास्त काळ तो हॉट व्हील्सच काढत राहिला. ज्याला काम नकोसं झालं त्याने ज्याला हवं होतं त्याच्या हातात दिलं, इतका साधा व्यवहार. सरकारी खात्यांतही अशी सोय हवी होती, पण तो विषय वेगळा.

तर त्याच 1969 साली एक गाडी आखली गेली. फोक्सवॅगनची बस, तीच गोल तोंडाची, दोन रंगांत असायची ती. समुद्रात फळीवर उभं राहून लाटांवरून घसरत जाणारी पोरं ही बस घेऊन फिरायची. म्हणून खेळण्याच्या बसमध्ये प्लॅस्टिकच्या दोन फळ्या ठेवल्या, मागच्या काचेतून बाहेर डोकावणाऱ्या. नाव दिलं बीच बॉम्ब. दिसायला फार झकास, आणि प्रमाणही खऱ्या बसला धरून. लक्षात ठेवा, खऱ्या बसला धरून. गडबड तिथेच झाली.

खरी बस रुंद किती? पावणेदोन मीटरच्या आतबाहेर. उंच? दोन मीटरला थोडी कमी. म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. अंगात जस्त, आणि जस्त प्लॅस्टिकच्या सहापट जड. ते जड छत चाकांच्या खूप वर. बस ट्रॅकवर सोडली की सरळ रस्त्यावर ठीक, पण वेगाने वळण आलं की कलंडायची. संक्रांतीच्या सुमाराला उसाने भरलेली बैलगाडी वळणावर कशी झुकते, ते पाहिलं असेल तुम्ही. अगदी तशी.

दुसरी अडचण याहून मजेची. मॅटेलने ट्रॅकवर बसवायला सुपर चार्जर नावाचं एक खोकं काढलं होतं. आत बॅटरीवर फिरणारी दोन मऊ चाकं, समोरासमोर. गाडी मधून गेली की दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून तिला पुढे भिरकावायचं. रसवंतीचा चरक डोळ्यांसमोर आणा. ऊस जाड असेल तर चरक त्याला ओढून घेतो. ऊस बारीक असेल तर नुसताच सुळकन निघतो, रस काही निघत नाही. ही बस म्हणजे बारीक ऊस होती. सुपर चार्जरच्या चाकांना ती धरताच येईना.

म्हणजे दोष दोन. अरुंद, म्हणून पकडीत येत नाही. वरून जड, म्हणून कलंडते. पुन्हा ऐका: अरुंद आणि वरून जड.

आता रीस आणि वूड यांनी काय केलं ते बघा. ट्रॅक बदलणं शक्य नव्हतं, तो घरोघरी गेलेला. सुपर चार्जर बदलणंही नाही. गाडीच बदलायची. त्यांनी मागच्या काचेतल्या फळ्या काढल्या आणि बसच्या दोन्ही बाजूंना, खाली, पुढे आलेले कप्पे केले. डावीकडे एक फळी, उजवीकडे एक. कप्प्यांमुळे बस रुंद झाली, सुपर चार्जरच्या चिमटीत बसली. कप्पे खाली असल्यामुळे धातूचं वजनही खाली आलं. मग छताचा धातू कापून तिथे लांबच लांब, काचेसारखं पारदर्शक छत बसवलं. जड जस्त गेलं, हलकं प्लॅस्टिक आलं, तोल अजून खाली उतरला. फळ्या ठेवायच्या कप्प्याने रुंदीचा प्रश्न सोडवला आणि छताच्या काचेने तोलाचा. बघणाऱ्याला मात्र वाटतं, काय हौशी गाडी आहे, फळ्या अडकवायला जागा केली, ऊन यायला छत उघडं ठेवलं! त्यात हौशीचं काहीच नव्हतं. खऱ्या बसचं प्रमाण मोडलं तेव्हा खेळण्यातली बस धावली.

दुकानात गेली ती ही बाजूला फळ्यावाली. मागून फळ्या लावायचे आधीचे नमुने कधी विक्रीलाच आले नाहीत. काही नमुने कंपनीतल्या माणसांकडे राहिले, आणि आज जगातल्या सगळ्यांत महागड्या खेळण्यातल्या गाड्यांत त्यांची गणना होते. त्यातही गुलाबी. ब्रूस पास्कल या अमेरिकन संग्राहकाच्या गुलाबी बसची किंमत लाखभर डॉलरच्या पुढे सांगितली जाते. गुलाबी कमी का? तेव्हा कंपनीला वाटायचं, गुलाबी रंग मुलं घेत नाहीत. आपल्याकडे लग्नात बाप्ये गुलाबी फेटे बांधून मिरवतात, त्यांना कोण काय म्हणतं? असो.

म्हणजे जी गाडी धावली नाही ती लाखाची, आणि जी धावली ती तुलनेने स्वस्त. संग्रहाचं गणित असं उलटं असतं. म्हणून पाकीट न फोडता कपाटात कोंबून ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. एक ठेवा बंद, हरकत नाही, पण एक तरी जमिनीवर सोडा.

वेळ कमी आहे, चित्रकारांकडे वळतो.

सुरुवातीच्या गाड्यांवर नक्षी नसायचीच, असले तर कागदी स्टिकर. शोभा होती ती रंगाची. धातू घासूनपुसून चकचकीत करायचा आणि वर पारदर्शक रंग द्यायचा, म्हणजे खालची चकाकी वर येते. 1974 पासून हॉट व्हील्सवर छपाई आली. तिला टॅम्पो म्हणतात. टॅम्पो हं, कॉटन मार्केटला उभा असतो तो टेम्पो नव्हे.

टॅम्पो होतो असा. सपाट पत्र्यावर चित्र कोरायचं, खोली जेमतेम 20-25 मायक्रॉन. वर शाई पसरायची, पात्याने पुसायची, शाई फक्त कोरलेल्या जागी उरते. मग सिलिकॉनचा मऊ गोळा त्यावर दाबायचा, तो शाई उचलतो, आणि गाडीवर दाबला की सोडतो. गोळा मऊ असल्यामुळे फुगीर दारावरही छपाई होते. मात्र एका रंगाला एक पत्रा आणि एक ठोका. चार रंग, चार ठोके. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, छत वेगळं. प्रत्येक ठोक्याला पैसे पडतात, आणि स्वस्त गाडीला ठोके मोजून मिळतात.

बिघडतं कुठे? एक, चाकाच्या कमानीपाशी गोळा ताणला जातो आणि सरळ रेघ वाकडी होते, म्हणून चित्रकार मूळ चित्रातच ती उलट वाकवून ठेवतो. दोन, दुसरा ठोका केसभर सरकला तर दोन रंगांत फट दिसते, म्हणून एक रंग दुसऱ्याखाली थोडा सरकवून ठेवायचा. तीन, काळ्या गाडीवर पिवळा थेट छापला तर तो शेवाळासारखा दिसतो. खाली पांढरा हवा, म्हणजे एक ठोका त्यातच गेला.

ठोके वाचवायची एक युक्ती मला फार आवडते. बॉडीला दिव्यांच्या जागी भोकं ठेवायची आणि काचांच्या तुकड्यालाच पुढे दोन टोकं काढायची. ती भोकांतून बाहेर आली की झाले दिवे. छपाईचा पैसा शून्य. हे न करता अंगभर ज्वाळा छापायच्या आणि तोंड आंधळं ठेवायचं, अशा गाड्या पाहिल्या की बिनडोळ्यांचा बैल आठवतो.

ज्यांना घरी स्वतःची नक्षी करायची आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. तळाला बॉडीशी धरून ठेवणारे दोन रिव्हेट 3 मिलिमीटरच्या ड्रिलने वरवर उडवा. वेग कमी ठेवा, तेलाचा थेंब टाका, जस्त ड्रिलमध्ये अडकतं. परत जोडायला 1.6 मिलिमीटरचं भोक आणि 2 मिलिमीटरचा आट्याचा स्क्रू. काचा आणि सीटा आधी बाहेर काढा, मगच पेंट रिमूव्हर लावा, नाहीतर प्लॅस्टिक विरघळेल. कॉस्टिक सोड्यात बुडवू नका. रंग निघतो, पण सोबत जस्तही खाल्लं जातं. रंगाआधी प्रायमर हवाच, उघड्या जस्तावर रंग टिकत नाही.

नक्षी पाण्यात सुटणाऱ्या डेकल कागदावर छापा. इंकजेट प्रिंटर असेल तर भिजवण्याआधी वरून क्लिअर लॅकरचे दोन पातळ हात द्या, नाहीतर शाई पाण्यात पसरेल. साधा प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही, तेव्हा गडद गाडीसाठी पांढरा डेकल कागद घ्या. कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवा, चित्र बोटाने सरकवून बसवा, ओढू नका.

आणि नागपूरचं हवामान विसरू नका. मे महिन्यात दुपारी स्प्रे मारला तर रंग हवेतच वाळतो आणि गाडीवर रवा पडल्यासारखा खरखरीत बसतो. सकाळी सहा-सातला मारा. जुलैत दमट हवेत लॅकरवर पांढुरका धूर चढतो. झड लागली असेल तर दोन दिवस थांबा, ऊन पडू द्या, मग डबा हलवा.

नमस्कार.