मक्याचा दाणा आणि ४२ कणग्या

श्रोतेहो, नमस्कार. बंद पडलेली गिरणी, जुनं गोदाम पाडायचं की वापरायचं, हा आजचा विषय. पण आधी एका मक्याच्या दाण्याची गोष्ट.

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या बंदरावर १९२४ साली धान्याची कोठी उभी राहिली. उंची ५७ मीटर. कणगी तुम्ही पाहिलेली आहे. तशाच, पण काँक्रीटच्या, ४२ कणग्या एकमेकींना खेटून. कंटेनरची जहाजं आली आणि कोठी रिकामी पडली. मग ठरलं, इथं कलासंग्रहालय करायचं. आता गंमत बघा. साडेपाच मीटर व्यासाच्या नळीत चित्र टांगणार कुठं आणि माणूस फिरणार कसा? डिझायनर थॉमस हेदरविक यांनी मक्याचा एक दाणा घेतला, तो स्कॅन केला, २७ मीटर उंचीचा केला आणि तेवढीच पोकळी त्या कणग्यांच्या मधोमध कोरायची ठरवली!

कोरायची, पण कशी? कणगी टिकते ती गोल असते म्हणून. बांगडीचा तुकडा काढा, उरलेल्या बांगडीत जोर राहत नाही. म्हणून आधी प्रत्येक कापायच्या नळीत आतून सळयांचं नवं काँक्रीट ओतलं, जुन्या भिंतीला अस्तर लावावं तसं. ते पक्कं झाल्यावर त्याच्याच कडेचा माग धरून जुनं काँक्रीट कापलं. कापलेल्या कडा घासून गुळगुळीत केल्या. शेजारी जुना खडबडीत पृष्ठभाग तसाच. २०१७ साली संग्रहालय उघडलं. लक्षात ठेवा: आधी बांधा, मग कापा.

आमच्या गिरणगावात मात्र कुठं कुठं चिमणी तेवढी राखतात आणि भोवती काचेचे मनोरे. नाक कापून नथ जपल्यासारखं! त्यात मुंबईच्या उन्हात काच, म्हणजे दिवसभर एसी. असो.

आपल्याकडचं जुनं काँक्रीट तपासायचं तर ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थेलिन मारा, शाळेच्या प्रयोगशाळेतलंच. गुलाबी झालं तर ठीक. रंग आला नाही, म्हणजे सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा क्षारधर्म गेला; आणि ती रंगहीन पट्टी सळईपर्यंत पोचली असेल, तर ओल लागताच सळई गंजू लागते. गंज फुगतो, काँक्रीट फोडतो. वरून गिलावा मारून हे झाकतात, म्हणून दोन पावसाळ्यांत पुन्हा पडतं. सळईच्या मागंसुद्धा वीसेक मिलिमीटर फोडा, सळई चकचकीत होईस्तोवर घासा, मगच भरा.

चुन्यात बांधलेल्या जुन्या विटांच्या भिंतीचं वेगळं. तिथं सिमेंट नको. जुना चुना मऊ, भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर टाकतो. सिमेंट सांधे बंद करतं, मग ओल विटेतून निघते आणि विटेचं तोंड सोलवटतं. सांधे २०-२५ मिलिमीटर खोल खरवडा, भिंत भिजवा, एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग वाळू. ओली गोणपाटं टांगून आठवडाभर सावलीत ठेवा. पुन्हा सांगतो, विटेला चुना.

आणि छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे, म्हणजे ज्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते अशा तंतूंचे, समजून चाला. करवत नाही, ड्रिल नाही. तोंडाला नीट बसणारा, अ‍ॅस्बेस्टॉसला चालणारा मास्क (साधा धुळीचा नव्हे), पत्रा पाण्यानं भिजवायचा, हुकाचे बोल्ट कापायचे आणि अख्खा पत्रा खाली उतरवायचा. मोडू नका, झाडू मारू नका.