'रन' म्हणजे नुसतं पळणं नव्हे

नमस्कार श्रोतेहो.

इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं, 'शी रन्स अ स्कूल'. एका मुलीनं त्याचं मराठी केलं, 'ती शाळा पळवते.' वर्ग खो खो हसला. मला मात्र तिचं कौतुक वाटलं. 'रन'चा पहिला अर्थ तिला पक्का ठाऊक होता. पुढचे अर्थ तिला कुणी सांगितलेच नव्हते.

आणि ते थोडेथोडके नाहीत! ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या शब्दाची, जवळजवळ साठ हजार शब्दांची. पुढे कोशाची उजळणी सुरू झाली आणि 'रन'नं त्याला मागं टाकलं. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकारांनी या एका क्रियापदाला नऊ महिने दिले. अर्थ भरले ६४५.

मूळ अर्थ पायांचाच. मग पाणी 'रन' होऊ लागलं, सर्दीत नाकही. यंत्रं आली, आगगाड्या आल्या, त्याही 'रन' होऊ लागल्या. आज संगणकावरचा प्रोग्रामही 'रन' होतो. क्रिकेटमध्ये तर चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा हलला नाही तरी चार 'रन' मिळतात, आणि आपणही त्यांना धावाच म्हणतो.

बाकी ठिकाणी मराठी प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद देते. नाक वाहतं, दुकान चालतं, निवडणूक लढवतात, धुताना कापडाचा रंग जातो. म्हणून शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं की शाळा पळवली जाते. मुलांना मी सांगतो, लांबलचक शब्दांना घाबरू नका, त्यांचा अर्थ बहुधा एकच असतो. कोश उघडायचा तो या तीन अक्षरी शब्दांसाठी, आणि शब्द पाहायचा तो अख्ख्या वाक्यासकट.

त्या मुलीला मी घरचा अभ्यास दिला, मराठीत असा शब्द शोध. दुसऱ्या दिवशी ती 'लागणे' घेऊन आली. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, वेड लागतं. वहीचं पान भरलं होतं. शेवटचं वाक्य होतं, 'बस लागली.' त्याच्यापुढे तिनं लिहिलं होतं, 'सर, फलाटाला की पोटाला?'